बोलिव्हियातलं 'दगडी झाड' पाहायला जायचंय? आधी पिवळ्या कार्डाचं बघा

बोलिव्हियाच्या नैर्ऋत्य टोकाला, सिलोलीच्या वाळवंटात सुमारे सात मीटर उंचीचा एक खडक उभा आहे. खाली बारीक बुंधा, वर पसरलेला घेर. नाव 'आर्बोल दे पिएद्रा', म्हणजे दगडाचं झाड. वाऱ्याने उडणारी वाळू जमिनीलगतच जास्त घासते, म्हणून बुंधा झिजला आणि डोकं शाबूत राहिलं.

भारतीय पासपोर्टवर बोलिव्हियाचा व्हिसा लागतो. दूतावास नवी दिल्लीत आहे. किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, फोटो, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि बँक स्टेटमेंट तयार ठेवा. नियम बदलत असतात, त्यामुळे सध्याची यादी दूतावासाकडूनच घ्या. अमेरिकेत विमान बदलणार असाल तर त्यांचाही व्हिसा लागतो. चिलीतल्या सान पेद्रो दे आताकामाहून शिरायचं असेल तर चिलीच्या व्हिसाचं वेगळं बघावं लागतं.

आता पिवळ्या कार्डाकडे, म्हणजे पीतज्वराची (यलो फीव्हर) लस घेतल्याच्या प्रमाणपत्राकडे या, कारण लोक नेमके इथेच अडकतात. बोलिव्हिया पीतज्वराच्या देशांत मोडतो. लस न घेता तिथून थेट भारतात परतलात तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यायची. कोपऱ्यावरच्या दवाखान्याचं प्रमाणपत्र चालत नाही. जाताना मूळ पासपोर्ट न्या. कार्ड हातात पडलं की खिडकीपाशीच उभं राहून पासपोर्ट क्रमांकाचा एकेक आकडा, नावाचं स्पेलिंग, सही आणि शिक्का तपासा. कार्ड दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून तिकीट काढतानाच अपॉइंटमेंट घ्या. 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढचे, गरोदर स्त्रिया आणि अंड्याची ॲलर्जी असलेले यांनी आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

खडक एदुआर्दो आवारोआ राष्ट्रीय अभयारण्यात येतो. 1973 साली स्थापन झालेल्या या अभयारण्याचं प्रवेश तिकीट चौकीवर मिळतं. पैसे बोलिव्हियानोंत, रोख न्या, आत एटीएम नाही. तिकीट बाहेर पडेपर्यंत जपून ठेवा. बहुतेक जण उयुनीहून तीन दिवसांच्या जीप सहलीने जातात. प्रवेश शुल्क सहलीच्या पैशांत धरलंय का, हे बुकिंग करतानाच विचारा.

उयुनी लेहपेक्षाही थोडं उंच आहे आणि खडकाजवळ तुम्ही चार हजार मीटरच्या बरेच वर असता. तेव्हा आधी दोन दिवस उंचीवर राहून मगच निघा. विरळ हवेच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. जून ते ऑगस्ट तिथला हिवाळा, रात्री पारा शून्याच्या खूप खाली जातो.

खडकावर चढायला मनाई आहे. शेजारच्या दगडांवरही चढू नका, बुंध्याला टेकून फोटो काढू नका. जेवढं झिजायचं तेवढं ते वाऱ्याने झिजू दे.