ऐरोलीसमोरचे रोहित आले कुठून?

नवी मुंबईत, ठाणे खाडीच्या काठावरच्या ऐरोलीत नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, रोहित (फ्लेमिंगो) इथे पूर्वापार येत असणार. तसं नाही. त्यांचे मोठे थवे शिवडीच्या चिखलावर दिसू लागले ते १९९०च्या दशकात. त्याआधी ही खाडी मिठागरांची, कोळी-आगऱ्यांच्या होड्यांची, चिंबोऱ्या आणि निवट्यांची म्हणूनच ओळखीची.

मग हे पाहुणे आले कशाला? ऐकायला बरं वाटणार नाही, पण यात मोठा वाटा आपल्या सांडपाण्याचा आहे. दोन्ही काठांवरच्या शहरांचं पाणी खाडीत उतरतं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर निळं-हिरवं शेवाळ माजतं आणि छोटा रोहित (लेसर फ्लेमिंगो ही जात) मुख्यतः त्यावरच जगतो. मान खाली घालून, चोच उलटी धरून तो चिखलपाणी गाळत राहतो. पिसांचा गुलाबी रंगही त्या शेवाळातलाच. याच सांडपाण्याने कोळ्यांची मासळी मात्र घटवली. रोहितांचं कौतुक करताना हे सहसा कुणी काढत नाही.

संरक्षण आलं ते टप्प्याटप्प्याने, आणि आधी झाडांना. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनं (खारफुटीची जंगलं) तोडायला आणि त्यांवर भराव टाकायला मनाई केली. २०१२ मध्ये वन विभागात कांदळवन कक्ष सुरू झाला. ऑगस्ट २०१५ मध्ये ऐरोली आणि वाशी पुलांमधला सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन, बाकी खाडीचं पाणी. मालवणनंतरचं राज्यातलं हे दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये रामसर यादीतही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) नाव लागलं. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं तिसरं.

गंमत अशी, की अभयारण्य खाडीच्या पश्चिम काठाला, म्हणजे मुंबईच्या बाजूला, पण बघायला बहुतेक लोक येतात ऐरोलीत. दिवा गावाजवळ (जंक्शनवालं दिवा नव्हे) किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथूनच बोट सुटते. नोव्हेंबर ते मे हा हंगाम. बोटीची वेळ मात्र भरती-ओहोटीवर ठरते: पुरती ओहोटी लागली की बोट चिखलात रुतते, पुरती भरती आली की पक्षी उडून गेलेले असतात.

जातात कुठे? नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर. भरतीत चिखल बुडाला की थवे तिथे टेकतात, ओहोटी लागली की परत खाडीत. पक्ष्यांच्या लेखी दोन्ही एकच घर, पण २०१५च्या हद्दीत ही तळी आली नाहीत. २०२४च्या उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येईनासं झालं आणि त्या परिसरात काही रोहित मेले, तेव्हा ही फट सगळ्यांना दिसली. त्या तलावाला संवर्धन राखीव (संरक्षित क्षेत्राचा एक प्रकार) करायला राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली ती २०२५ मध्ये, म्हणजे अभयारण्य होऊन दहा वर्षं उलटत आली तेव्हा.