परदेशात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकांचं टॅक्स रिटर्न

अमेरिकेचा पासपोर्ट असलेला माणूस जगात कुठेही राहत असला तरी त्याला अमेरिकेचं इन्कम टॅक्स रिटर्न भरावं लागतं, आणि त्यात नुसती अमेरिकेतली नाही तर जगभरातली कमाई दाखवावी लागते. ग्रीन कार्डवाल्यांनाही हेच. बाकी जवळजवळ सगळे देश माणूस राहतो कुठे ते बघून टॅक्स लावतात, नागरिकत्व बघून लावणारा दुसरा देश म्हणजे एरिट्रिया, आणि तो बाहेरच्या आपल्या लोकांकडून २ टक्के घेतो नि मोकळा होतो. अमेरिकेचं तसं नाही. इथे बऱ्याच जणांचा टॅक्स शेवटी शून्यच निघतो, पण तो शून्य दाखवायला लागणारा कागदांचा पसारा हीच खरी डोकेदुखी, आणि लोक ज्या दंडांना घाबरतात ते बरेचदा टॅक्स बुडवल्याचे नसतात, फॉर्म न भरल्याचे असतात.

या प्रकाराची मुळं १८६० च्या दशकातल्या यादवी युद्धाच्या टॅक्समध्ये आहेत. पुढे १९२४ मध्ये कुक विरुद्ध टेट खटल्यात, मेक्सिको सिटीत राहणाऱ्या कुकने आपल्या तिथल्या कमाईवर अमेरिका टॅक्स कसा काय लावते असं विचारलं, तर सुप्रीम कोर्ट म्हणालं की नागरिक कुठेही असला तरी सरकारचा त्याला फायदा होतोच, सबब टॅक्स बरोबर. शंभर वर्षं झाली, निकाल अजून उभा आहे.

रिटर्न कोणी भरायचं? २०२४ सालासाठी ६५ च्या आतल्या एकट्या माणसाची मर्यादा १४,६०० डॉलर होती, स्वतःचा धंदा असेल तर निव्वळ नफा ४०० डॉलर झाला की भरायचं. पण नवरा किंवा बायको अमेरिकन नसेल आणि वेगळं रिटर्न भरायचं असेल तर मर्यादा किती, तर ५ डॉलर. हो, पाचच.

तारीख १५ एप्रिल, बाहेर राहणाऱ्यांना आपोआप १५ जूनपर्यंत सवलत, मागितली तर १५ ऑक्टोबर. टॅक्स निघत असेल तर व्याज मात्र १५ एप्रिलपासूनच चालू होतं. भारतात राहणाऱ्यांची आणखी एक गंमत म्हणजे आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे ऑफिसने दिलेला फॉर्म १६ जसाच्या तसा वापरता येत नाही, पगाराच्या स्लिपा घेऊन बारा महिने नव्याने जुळवायचे आणि वर रुपयाचे डॉलर करायचे.

दोनदा टॅक्स पडू नये म्हणून मुख्य वाटा दोन. पहिली फॉर्म २५५५ ची, त्यात परदेशात कष्टाने कमावलेलं उत्पन्न (२०२४ साठी १,२६,५०० डॉलरपर्यंत) वगळता येतं, अट अशी की सलग बारा महिन्यांत ३३० पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर किंवा मग खरोखर परदेशातले रहिवासी. व्याज, भाडं, डिव्हिडंड यात बसत नाही. दुसरी फॉर्म १११६ ची, राहता त्या देशात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट, म्हणजे तो अमेरिकेच्या टॅक्समधून वजा. दुबईत पगारावर टॅक्सच नाही म्हणून तिथे पहिली वाट चालते, पुण्यात ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर दुसरी बहुधा बरी पडते. फ्रीलान्सर मात्र फसतात, कारण भारत आणि अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा (म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनच्या वर्गणीचा) करार नाही, त्यामुळे पुण्यात बसून स्वतःचं काम करणाऱ्या अमेरिकन नागरिकाला अमेरिकेचा १५.३ टक्के सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स पडतो आणि तो वरच्या दोन्ही वाटांनी कमी होत नाही.

आता बँक खाती. वर्षात एखाद्या दिवशी जरी सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली तरी एफबार (FBAR, परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरायचा, तोही टॅक्स खात्याकडे नाही, फिनसेन (FinCEN) या आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे ऑनलाइन. सोय म्हणून आईबाबांच्या खात्यावर आपलं नाव जोडलेलं असतं ना, ते खातंसुद्धा यात येतं, पैसे त्यांचे असले तरी. यातले दंड जबर होते, २०२३ मध्ये बिटनर खटल्यात कोर्टाने सांगितलं की मुद्दाम केलेलं नसेल तर दंड प्रत्येक खात्यामागे नाही, प्रत्येक वर्षाच्या फॉर्ममागे. शिवाय २०१० चा फॅटका (FATCA) कायदा, परदेशी बँकांना अमेरिकन ग्राहकांची माहिती कळवायला लावणारा, ज्यासाठी भारताने २०१५ मध्ये अमेरिकेशी करार केला. बँका आणि म्युच्युअल फंडवाले तुमचा जन्म कुठला, दुसऱ्या देशात टॅक्स भरता का असं विचारतात ते यामुळेच. परदेशातली रक्कम मोठी असेल तर ती रिटर्नबरोबर दाखवायचा फॉर्म ८९३८ वेगळा.

भारतातले म्युच्युअल फंड तर अमेरिकेच्या नजरेत पीफिक (PFIC, म्हणजे परदेशी गुंतवणूक कंपनी), दरवर्षी प्रत्येक फंडाचा फॉर्म ८६२१ आणि टॅक्सचा हिशोब असा कडक की नफा नकोसा वाटावा. पीपीएफचं व्याज इकडे माफ, तिकडे उत्पन्न. घरच्यांकडून वारसा किंवा भेट म्हणून वर्षात १ लाख डॉलरच्या वर काही आलं तर टॅक्स नाही, पण फॉर्म ३५२० हवाच, नाहीतर दंड रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. गावाकडची जमीन विकून पैसे वाटले जातात तेव्हा हे कोणाच्या डोक्यातही नसतं.

न्यू जर्सीत जन्मलेली आणि आईबाबांबरोबर लहानपणीच परत आलेली मुलंही यात आलीच, आयुष्यात तिकडे एक दिवस नोकरी केली नसली तरी. ब्रिटनचे बोरिस जॉन्सन असेच न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले, लंडनचं घर विकल्यावर अमेरिकेने टॅक्स मागितला, आधी नाही म्हणाले, मग भरला आणि २०१६ मध्ये नागरिकत्व सोडलं. ज्यांना माहीतच नव्हतं त्यांच्यासाठी स्ट्रीमलाइन्ड योजना आहे, मागच्या ३ वर्षांची रिटर्न्स आणि ६ वर्षांचे एफबार भरले, चूक मुद्दाम नव्हती असं लिहून दिलं की बाहेर राहणाऱ्यांना दंड नाही. नागरिकत्व सोडायचं तरी आधीची ५ वर्षं नीट भरलेली दाखवावी लागतात, नाहीतर किंवा संपत्ती २० लाख डॉलरच्या वर असेल तर एक्झिट टॅक्सचा हिशोब लागतो.