हेरिटेज रेल्वेवरची स्वयंसेवी रूळ-देखभाल

बंद पडलेली किंवा बंद पडायला आलेली जुनी लाइन चालती राहावी म्हणून लोकांनी पगार न घेता स्वतः रुळावर उतरून केलेली देखभाल. यात सडलेले स्लीपर (रुळाखालचे आडवे ओंडके) बदलणं, गिट्टी ठोकून पॅकिंग करणं, फिशप्लेट (दोन रुळांची टोकं जोडणारी लोखंडी पट्टी) खोलून ग्रीस लावणं, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तपासणं, नाल्या मोकळ्या करणं, झाडोरा छाटणं ही सगळी कामं येतात. आपल्याकडचा 'श्रमदान' हा शब्द याला बराच जवळचा, फरक इतकाच की श्रमदान बहुतेक एका दिवसाचं असतं आणि हे काम वर्षानुवर्षं, दर शनिवार-रविवारी चालतं. हेरिटेज रेल्वे म्हटलं की फोटो इंजिनाचा निघतो, पण इंजिन शेडमध्ये दहा वर्षं उभं राहू शकतं, रूळ मात्र दोन पावसाळे सोडून दिला की गाडी चालवायच्या लायकीचा राहत नाही, म्हणून या नोंदीत रुळावरच्या लोकांना आधी जागा दिली आहे.

शब्दाबद्दल. इंग्लंडमध्ये गाडीच्या पक्क्या रूळमार्गाला 'पर्मनंट वे' म्हणतात आणि तिथूनच आपल्या रेल्वे कॉलन्यांमध्ये 'पी-वे' हा शब्द आला. लाइन बांधताना ठेकेदार माती वाहायला आधी तात्पुरता रूळ टाकायचा, तो काढून मग जो पक्का टाकायचा तो 'पर्मनंट', ही व्युत्पत्ती सहसा मान्य आहे. कायमचा असा कोणताच रूळ नसतो हे पी-वेवाल्याइतकं कोणाला माहीत नसेल. गँगमनचं पद पुढे ट्रॅकमन झालं आणि आता कागदोपत्री ट्रॅक मेंटेनर आहे, तरी बोलताना लोक गँगमनच म्हणतात. कीमन हे नाव रूळ पकडून ठेवणाऱ्या 'की'वरून आलंय, रोज आपल्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या टप्प्यावर, पायी जाऊन ढिल्या झालेल्या 'की' हातोड्याने ठोकत जाणं हे त्याचं काम.

सुरुवात कुठे झाली यावर मतं आहेत. वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेला बहुतेक अभ्यासक पहिला मान देतात. ही पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी १८६० च्या दशकात बांधलेली लाइन, गेज ६८६ मिलिमीटर, म्हणजे आपल्या नागपूरकडच्या ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजपेक्षाही अरुंद. मालक सर हेन्री हेडन जोन्स १९५० मध्ये वारले, त्याच ऑक्टोबरात बर्मिंगहॅमला लेखक एल. टी. सी. रोल्ट आणि मंडळींची लाइन वाचवण्यासाठी सभा झाली, आणि १४ मे १९५१ ला स्वयंसेवकांनी पहिली गाडी चालवली. तेव्हा रुळाची अवस्था अशी होती की स्लीपर कुजलेले आणि रूळ जागेवर धरून ठेवलेत ते वाढलेल्या गवताच्या मुळांनी, असं वर्णन नेहमी केलं जातं. जवळच १९४८ मध्ये बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेचं गेज तेवढंच होतं, तिथले जुने रूळ आणून इथे टाकले, म्हणजे एका मेलेल्या लाइनवर दुसरी जगली.

मोठ्या, म्हणजे स्टँडर्ड गेजच्या बाबतीत वाद जास्त आहे. लीड्सची मिडलटन रेल्वे जून १९६० मध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या हातून सुरू झाली, दक्षिण इंग्लंडमधली ब्लूबेल रेल्वे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. आता पहिली कोण, तर मिडलटनवर सुरुवातीचे थोडे दिवस सोडले तर पुढे कित्येक वर्षं मालगाडीच होती, नियमित प्रवासी सेवा १९६९ ची, म्हणून प्रवासी गाडी हा निकष धरला तर ब्लूबेल आणि स्वयंसेवकांनी चालवलेली कोणतीही गाडी धरली तर मिडलटन. रूळ-देखभालीच्या दृष्टीने मालगाडी असो की प्रवासी गाडी, रूळ दोन्हींनी झिजतोच, त्यामुळे इथे मिडलटनचं पारडं थोडं जड वाटतं.

नवा रूळ बांधण्याचं एक मोठं उदाहरण वेल्समधल्याच फेस्टिनिओग रेल्वेचं. वीज प्रकल्पाच्या तलावात जुनी लाइन बुडाली, तेव्हा १९६५ ते १९७८ या काळात मुख्यतः स्वयंसेवकांनी डोंगर फोडून साधारण ४ किलोमीटरचा वळणमार्ग तयार केला, त्यात लाइन स्वतःवरूनच गोल फिरून वर चढते असा एक फेरा आहे आणि एक नवा बोगदा. या लोकांना 'डेव्हिएशनिस्ट' नाव पडलं. लाइनच्या वरच्या टोकाला, ब्लेनाऊ फेस्टिनिओगपर्यंत, गाडी १९८२ मध्ये पुन्हा पोचली.

नागपूरकरांना जास्त जवळच्या दोन लाइन वेगळ्याच, कारण त्यांचं गेज आपलंच ७६२ मिलिमीटर: वेल्समधली वेल्शपूल-लॅनफेअर, जी १९५६ ला बंद होऊन १९६३ ला पुन्हा सुरू झाली, आणि ऑस्ट्रेलियातली 'पफिंग बिली', जिच्यासाठी १९५५ मध्ये संस्था स्थापन झाली. हे गेज हलक्या लाइनसाठी का निवडलं गेलं याचं श्रेय बऱ्याचदा ब्रिटिश इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉपला देतात, ज्याने १८९७ ची बार्शी लाइट रेल्वे उभारली. बार्शीने ते गेज गाजवलं हे खरं, पण त्याच्या आधीही भारतात या गेजचे प्रयोग झालेले होते, त्यामुळे 'जनक' म्हणण्यापेक्षा 'प्रचारक' म्हटलेलं बरं.

काम प्रत्यक्षात कसं चालतं. मुकादम रुळावर ओणवा होतो, गाल जवळजवळ लोखंडाला टेकवून एका डोळ्याने रुळाच्या डोक्यावरून दूरवर बघतो आणि हाताने खुणा करतो, थोडं उचला, अजून, बस. तिकडे जॅक लावलेला असतो. रूळ वर आला की स्लीपरच्या खाली दोन्ही बाजूंनी बीटरने (गिट्टी ठोकायच्या अवजाराने) गिट्टी ठोकायची, रुळाखालच्या भागात घट्ट आणि स्लीपरच्या मधोमध सैल, कारण मधे घट्ट झालं तर स्लीपर मधेच टेकून दोन्ही टोकांनी हलतो. नवख्याची चूक हमखास इथेच होते. स्लीपर नीट बसला की नाही ते सब्बलीच्या टोल्याने कळतं, पोकळ आवाज आला की पुन्हा ठोका. हे वाचून येत नाही, जुन्या माणसाच्या शेजारी उभं राहून येतं, म्हणून तिकडच्या संस्था निवृत्त रेल्वे कामगारांना फार जपतात. ब्रिटनमधल्या या लाइनवर वेग साधारण ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवतात, तरी तपासणी सुटत नाही, आणि मोठी कामं गाड्या कमी असलेल्या हिवाळ्यात काढतात.

नागपुरात हवामान उलटं काम करतं. १२ मीटरचा रूळ ५० अंश तापमानफरकात साधारण ७ मिलिमीटर लांबतो, आणि मे महिन्यात हवा ४५ ला गेली की उन्हातला रूळ त्याहून बराच तापतो. फिशप्लेटमध्ये ग्रीस सुकलं असेल तर रूळ सरकत नाही, मग ताण साठतो आणि लाइन बाजूला फुगते. त्यात विदर्भाची काळी माती, उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, भराव एकसारखा राहत नाही. म्हणून ब्रिटनचं वेळापत्रक जसंच्या तसं इथे लावता येणार नाही.

भारतात मात्र ही प्रथा रुजलेली नाही. दार्जिलिंग (जागतिक वारसा १९९९), निलगिरी (२००५), कालका-शिमला (२००८) आणि आपलं माथेरान, सगळीकडे रूळ रेल्वेचे पगारी कर्मचारीच सांभाळतात. शिवाय परवानगीशिवाय रुळावर जाणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, म्हणजे उत्साही मंडळींनी कुदळ घेऊन निघावं असं नाही.

नागपूरभोवतीचं सातपुडा नॅरोगेज जाळं एके काळी देशातल्या मोठ्या जाळ्यांपैकी एक होतं. छिंदवाड्याकडची आणि बालाघाट-नैनपूरकडची नॅरोगेज २०१५ च्या सुमारास थांबली, इतवारी-नागभीड २०१९ ला, सगळं ब्रॉडगेजसाठी. लोकांना जलद गाडी मिळाली, तिला कोणी नाही म्हणणार नाही. पण मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय (२००२) इंजिनं आणि डबे जपतं, तर ज्या लाइनवर ती धावली तिथे आता नॅरोगेजचा स्लीपरही सापडत नाही. मूर्तिजापूरवरून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी, आता गाड्या बंद असलेली नॅरोगेज 'शकुंतला' हीच काय ती विदर्भातली अशी लाइन जिच्याबद्दल स्वयंसेवी देखभालीचा विचार करता येतो, ती खाजगी कंपनीच्या मालकीची म्हणून सगळ्यांना माहीत आहे आणि १९९४ पर्यंत तिथे वाफेचं इंजिन होतं. तिथे कधी काळी परवानगी मिळून लोक उतरलेच तर फिशप्लेट खोलून ग्रीस भरायचं काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत उरकावं लागेल, कारण होळीनंतर दुपारी तो रूळ हातात धरवत नाही.