सड्यावरील पाणवनस्पतींची शोधनोंद

कोकणातले जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी कातळी माळराने, आणि सह्याद्रीच्या माथ्यावरची कातळपठारे यांवर पावसाळ्यात उथळ पाणी साचते. त्यात उगवणाऱ्या देशी रानवनस्पती शोधून ओळखणे, त्यांचे नमुने जतन करणे आणि रीतसर नोंद ठेवणे, असे या अभ्यासाचे स्वरूप आहे. रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवण या भागांतले सडे आणि घाटमाथ्यावरची कास, चाळकेवाडी, मसाई ही पठारे त्याची मुख्य क्षेत्रे होत.

मे महिन्यात सड्यावर काळा, तापलेला कातळ आणि वाळके गवत एवढेच असते. मृगाचा पाऊस झाला की खळगे भरतात, गणपतीच्या सुमारास फुलोरा ऐन भरात येतो आणि दिवाळीच्या आगेमागे सगळे पुन्हा सुकते. कंद किंवा बी मातीच्या पातळ थरात पुढच्या पावसाची वाट पाहते. एवढ्या थोड्या दिवसांत जो तिथे पोचला नाही, त्याला वर्षभर थांबावे लागते.

डबक्याच्या काठच्या ओल्या मातीत गेंद, म्हणजे एरिओकॉलॉन, आणि सीतेची आसवे दिसतात. सीतेची आसवे, म्हणजे युट्रिक्युलेरिया, ही निळसर-जांभळी फुले लांबून नाजूक वाटतात. पण चिखल हलकेच धुऊन भिंगाखाली धरला तर मुळांसारख्या धाग्यांवर बारीक पारदर्शक फुगे दिसतात. फुग्याच्या तोंडाशी सूक्ष्म जीव आला की पापणी लवायच्या आत तो आत ओढला जातो. या वनस्पतीला खरे मूळ नसतेच. थोड्या खोल पाण्यात रोटाला आणि जांभळी मंजिरी, तर आणखी आत वायतुरा, अशी ओळीने वस्ती असते. वायतुऱ्याचा गुलाबी तुरा दोन फाट्यांचा असतो. साताऱ्याच्या नावावरून ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस म्हटली जाणारी ही जाती शास्त्रात नोंदली गेली ती १९८० च्या दशकात. वर्दळीच्या शहरापासून इतक्या जवळचे फूल इतकी वर्षे निनावी राहावे, यातच पावसाळी भटकंतीचे महत्त्व कळते.

कामाची सुरुवात त्याआधी शंभराहून अधिक वर्षे झाली होती. वाइस्नेरिया ट्रायांड्रा ही कोकणातल्या डबक्यांतली वनस्पती ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वर्णिली. डॅल्झेल व गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये आला; कुक यांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. अलीकडच्या काळात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे काम नेटाने पुढे नेले.

पाणवनस्पतीचा नमुना घेणे कौशल्याचे आहे. पाण्याबाहेर काढताच पाने एकमेकांना चिकटून गोळा होतात. म्हणून पसरट ताटात पाणी घेऊन त्यात रोप तरंगत ठेवतात, खालून कागद सरकवतात, काडीने पाने मोकळी करतात आणि कागद तिरका करत अलगद उचलतात. फुले वेगळी स्पिरिटमध्ये ठेवतात, कारण वाळल्यावर रंग आणि ठेवण हरवते. गेंदाचे फूल तर टाचणीच्या डोक्याएवढे. जात ठरवायला त्याचे बी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. डबक्यात चारदोनच रोपे असतील तर छायाचित्रावर भागवावे, उपटू नये.

सातबाऱ्यावर सड्याची पुष्कळशी जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून लागलेली असते. तिथे चिरेखाणी निघतात, सुरुंग लावून आंब्याची कलमे लावली जातात, रस्ते होतात. खरे तर ती जमीन खराब नाही. शेतीच्या हिशोबात ती बसत नाही, एवढेच. तिथे काय उगवते याची तारीखवार नोंद नसेल तर तिच्या बाजूने बोलायला हाती काहीच राहत नाही.

नमुन्याच्या चिठ्ठीवर गाव, तारीख, समुद्रसपाटीपासूनची उंची, पाण्याची खोली, फुलाचा रंग आणि रोप तरंगते की बुडालेले आहे, हे जागेवरच लिहावे. एकाच डबक्यावर जूनअखेर, ऑगस्टमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये अशा तीन फेऱ्या केल्या तर पान, फूल आणि बी तिन्ही हाती लागतात. कुठले पाणी दिवाळीपर्यंत टिकते हे गुरे चारणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. त्यांनी सांगितलेले नाव जसेच्या तसे, गावासह टिपावे. ‘गेंद’ या एकाच नावाखाली एरिओकॉलॉनच्या कितीतरी जाती येतात.