बाखच्या संगीतवह्या

जर्मन संगीतरचनाकार योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) याने घरच्या मंडळींसाठी ज्या हस्तलिखित संगीतवह्या तयार केल्या, त्यांतली शिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वही थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याच्यासाठी आहे. २२ जानेवारी १७२० रोजी क्योटेन येथे ती सुरू झाली, तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. कुमार वाचकांना बाखची ओळख करून द्यायची, तर ती त्याच्या विशाल धर्मसंगीतापासून नव्हे, या वहीपासून करून द्यावी. कारण मुलाशेजारी बसून शिकवणारा बाख येथेच भेटतो.

बाख स्वतः आयसेनाख येथील वादकांच्या घराण्यातला. तो दहा वर्षांचा होईतो आई-वडील दोघेही वारले आणि ओर्ड्रुफ येथे ऑर्गनवादक असलेल्या मोठ्या भावाने त्याला सांभाळले. या भावाने जाळीच्या कपाटात ठेवलेली एक वही लहानग्या सेबास्टियनने रात्री हळूच काढून चांदण्यात सहा महिने उतरवून घेतली, पण ती नक्कल भावाने जप्त केली, अशी आठवण त्याच्या मृत्युलेखात नोंदलेली आहे. पुढे १७०५ मध्ये, विसाव्या वर्षी, बुक्स्टेहुडचे ऑर्गनवादन ऐकण्यासाठी तो आर्नश्टाटहून ल्यूबेकपर्यंत सुमारे ४०० किलोमीटर पायी गेला.

वहीच्या आरंभी स्वरलेखनाच्या खुणा आणि आपल्या खटका-मुरकीची आठवण करून देणाऱ्या स्वरालंकारांचा तक्ता आहे. बोटे बसवण्यासाठी दिलेल्या छोट्या रचनेच्या माथ्यावर, आपल्याकडे ‘श्री’ लिहितात तसे, ‘येशूच्या नावाने’ असे लिहिलेले असून स्वरांवर बोटांचे आकडे घातले आहेत. चढत्या सुरावटीत उजव्या हाताचे मधले बोट आणि अनामिका आलटून पालटून वापरण्याची ही जुनी रीत आज पियानो शिकणाऱ्या मुलांना अनोळखी वाटते.

पुढच्या पानांवर दोन स्वरधारांच्या १५ रचना येतात. बाखने १७२३ मध्ये त्या सुधारून ‘इन्व्हेन्शन’ या नावाने नव्याने लिहून काढल्या. पहिल्या रचनेत उजवा हात सा रे ग म रे ग सा प असा तुकडा वाजवतो. तो पुरा होताच डावा हात तोच तुकडा खालच्या सप्तकात म्हणू लागतो आणि उजवा हात मात्र न थांबता पुढे जातो. पेटीची साथ गायकाच्या मागून चालते, हे ज्यांच्या कानांवर आहे त्यांनी येथे मुद्दाम डाव्या हाताकडे कान द्यावा, कारण तो साथीदार नसून बरोबरीचा बोलणारा आहे. वाद्य गाते आहे असे वाटावे, अशा वादनाची सवय लागावी हाही हेतू बाखने १७२३ च्या प्रतीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवला आहे.

आज मुले बाखची म्हणून हौसेने वाजवतात तो जी मेजरमधला प्रसिद्ध मिनुएट (एक नृत्यरचना) या वहीतला नाही. तो दुसरी पत्नी आना माग्दालेना हिच्या १७२५ च्या वहीत आहे आणि त्याचा कर्ता क्रिस्टिआन पेट्झोल्ड आहे.

फ्रीडेमानची वही सुरू होऊन सहा महिने होतात तोच त्याची आई मारिया बार्बरा वारली. त्या वेळी बाख आपला धनी, क्योटेनचा राजपुत्र लिओपोल्ड याच्याबरोबर कार्ल्सबाडला होता आणि तो परतला तेव्हा तिचे दफनही झाले होते. वही मात्र पुढे चालू राहिली. तिच्या काही पानांवर वडिलांच्या अक्षराशेजारी फ्रीडेमानचे स्वतःचे अक्षर दिसते.