वर आहे तोवर जाळीचं, खाली गेलं की मोटरीचं

उसाचा हंगाम सुरू झाला की सांगलीच्या आसपास संध्याकाळी कुठंतरी पाचट पेटतंच. सकाळी उठून बघावं तर वाळत घातलेल्या कपड्यांवर, गच्चीवर, तुळशीच्या कट्ट्यावर काळ्या राखेचे पापुद्रे पडलेले. माझ्या थोरल्या काकांच्या बंगल्यामागे पंचवीसेक वर्षांपूर्वी बांधलेला स्विमिंग टँक आहे. तिथं हेच पापुद्रे पाण्यावर निवांत तरंगत असतात. बोट लावलं की त्यांचा भुगा होतो आणि बघता बघता पाण्यात उतरतो. म्हणून टँक बघणारे मामा उजाडताच जाळी घेऊन कडेला उभे राहतात. "वर हाय तवर जाळीचं, खाली गेलं की मोटरीचं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. टँकच्या सफाईचं निम्मं विज्ञान या वाक्यात आलं.

उसाच्या पाचटाच्या राखेत सिलिका भरपूर असते आणि ती पाण्याच्या दुपटीहून जड. तरी राख तरंगते, कारण पापुद्र्याच्या बारीक छिद्रांत हवा कोंडलेली असते आणि खालून पाण्याचा पृष्ठताण त्याला झेलतो. पृष्ठभागावरच्या रेणूंना खालचे आणि शेजारचे रेणू ओढतात, वरून ओढणारं कुणी नसतं. त्यामुळं तो पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. पण हळूहळू छिद्रांत पाणी शिरतं, हवा निघून जाते आणि राख बुडते. कडुनिंबाच्या पानाचंही तसंच. त्याच्या मेणचट थरामुळं ते काही काळ टिकतं, मग भिजून तळाला जातं आणि कुजायला लागतं. कुजणारं पान क्लोरीन खातं. म्हणजे सकाळी जाळीत न आलेल्या पानाची किंमत पुढं क्लोरीनच्या डब्यात मोजावी लागते.

जाळी मारायलाही हात लागतो. जाळी जोरात पुढं रेटली की तिच्यापुढं पाण्याची लाट तयार होते आणि तीच लाट पानाला बाजूला ढकलते. त्यापेक्षा वाऱ्यानं घाण ज्या कडेला लोटली आहे तिथं जावं, जाळी तिरकी धरावी आणि सावकाश ओढावी.

टँकच्या भिंतीत पाण्याच्या रेषेवर एक चौकोनी तोंड असतं, तो स्किमर. तिथून मोटर पाणी फिल्टरकडं ओढते. त्यात एक झडप असते. ती पाण्यावर वरखाली हलते आणि फक्त वरचा पातळ थर आत घेते, म्हणून तवंग आणि पानं तिकडं ओढली जातात. पाणी तोंडाच्या साधारण मध्यावर हवं. फार वर गेलं तर झडप बुडून वरचा थर नीट ओढला जात नाही, फार खाली गेलं तर मोटर हवा ओढते. काकांच्या टँकची झडप कित्येक वर्षं मोडलेली होती आणि आम्ही क्लोरीनला दोष देत होतो. जुना टँक असेल तर आधी ही झडप बघा.

थंडीतली आणखी एक गोष्ट. मुलं डोक्याला खोबरेल लावून उतरतात. खोबरेल साधारण 24 अंश सेल्सिअसच्या खाली गोठतं. पहाटेच्या गारठ्यात ते टाइल्सना चिकटतं, त्यावर राख बसते आणि पाण्याच्या रेषेवर काळा पट्टा उमटतो. तो जाळीनंही जात नाही, व्हॅक्यूमनंही (मोटरीला पाइप जोडून तळाचा गाळ ओढायचं साधन) नाही. ब्रशनं घासावाच लागतो.

आता खालचा गाळ. कण किती वेगानं खाली बसतो हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतं. हा नियम जॉर्ज स्टोक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मांडला. दीड मीटर पाण्यात 0.1 मिलिमीटरचा वाळूचा कण तीन-चार मिनिटांत तळ गाठतो. 10 मायक्रॉनच्या, म्हणजे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या, कणाला साडेचार तास लागतात. 2 मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला जवळजवळ पाच दिवस, तेही पाणी अजिबात हललं नाही तर. कृष्णाकाठची काळी माती नेमकी अशा बारीक कणांनी भरलेली असते. वाऱ्यानं ती टँकमध्ये येते आणि बसायचं नाव घेत नाही.

म्हणून तळ साफ करताना घाई केली की सगळं वाया. एकदा गाळ उठवला की त्या दिवशीचं काम संपलं. व्हॅक्यूमचं डोकं नांगराच्या तासासारखं, एका ओळीला दुसरी ओळ थोडी चढवत, सेकंदाला वीतभर एवढ्याच वेगानं फिरवायचं. ते तळाला इतकं जवळ का ठेवायचं, हे समजायला देवघरातलं निरांजन पुरतं. फुंकर मारून ज्योत विझते, पण तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढला तर ती जेमतेम हलते. बाहेर फेकलेली हवा एका दिशेनं जाते. आत ओढलेली चारी बाजूंनी येते, म्हणून तोंडापासून जरा दूर गेलं की ओढ झपाट्यानं कमी होते. पाण्याचंही तसंच. व्हॅक्यूमच्या डोक्याखाली चाकं असतात ती बोटभर फट कायम राखायला.

व्हॅक्यूमचा पाइप जोडण्याआधी त्यातली हवा काढावी लागते. विहिरीवर मोटर बसवणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला हे सांगायला नको. डोकं पाण्यात सोडायचं, पाइपचं दुसरं टोक जिथून फिल्टरचं पाणी टँकमध्ये परत येतं त्या तोंडावर धरायचं. डोक्यातून बुडबुडे यायचे थांबले की ते टोक पाण्याबाहेर न काढता स्किमरला लावायचं. मोटर पाणी ओढते असं आपण म्हणतो, पण खरं तर ती पाइपमधला दाब कमी करते आणि बाहेरची हवा टँकच्या पाण्यावर दाब देऊन ते आत ढकलते. पाइपमध्ये हवा राहिली तर पंप नुसता फिरत राहतो.

याच कारणानं जुन्या टँकमध्ये एक फसवं दुखणं असतं. मोटरीच्या ओढीच्या बाजूचा सांधा सैल झाला तर मोटर चालू असताना तिथून पाणी गळत नाही, उलट हवा आत शिरते. फरशी कोरडी, आणि टँकमध्ये परत येणाऱ्या पाण्यात मात्र बुडबुडे. ते दिसले की सांधे तपासावेत.

तळाच्या जाळीबद्दल मी हट्टानं सांगतो. जुन्या टँकमध्ये बऱ्याचदा तळाला, मोटर जिथून पाणी ओढते त्या तोंडावर, एकच सपाट जाळी असते. त्यावर अंग किंवा केस झाकले गेले तर ओढ माणसाला सोडत नाही. जाळी फुटलेली किंवा निघालेली असेल तर ती बदलल्याशिवाय कुणालाही पाण्यात सोडू नका. व्हॅक्यूम चालू असताना मुलं पाण्यात नकोतच.

मग न बसणाऱ्या काळ्या मातीचं काय? या कणांवर ऋण विद्युतभार असतो, ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियममुळं तो भार मोडतो, कण एकत्र येऊन मोठे गोळे होतात आणि मोठा कण लवकर बसतो; स्टोक्सचा तोच वर्ग आता आपल्या बाजूनं काम करतो. पूर्वी माठातल्या गढूळ पाण्यात निवळीची बी उगाळून घालायचे, तिथंही कण असेच एकत्र गोवले जातात. तुरटीनं पीएच उतरतो, म्हणून आधी बादलीभर पाण्यावर प्रमाण बघावं आणि नंतर टँकचा पीएच 7.2 ते 7.8 मध्ये आहे ना ते तपासावं.

काकांनी संध्याकाळी तुरटी घातली आणि रात्रभर मोटर बंद ठेवली. सकाळी तळावर राखाडी, मऊ, बोटानं रेघ ओढता येईल असा थर होता. तो सँड फिल्टरमधून न्यायचा नाही, वाळू तुंबते. मामांनी व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर फिरवला, म्हणजे पाणी फिल्टरमध्ये न जाता थेट बाहेर जातं, आणि डोकं इतकं हळू सरकवलं की मला वाटलं ते हलतच नाही. त्याच्यामागे निळ्या टाइल्सची एक पट्टी उघडी पडत गेली. बाहेर चारीत काळं पाणी पडत होतं. दीड तासानं स्किमरचं तोंड उघडं पडायला आलं, तेव्हा मामांनी मोटर बंद केली आणि टँकमध्ये बोअरचं पाणी सोडलं.