पेस्ट बदलायला हीटसिंक काढताय? सरळ वर ओढू नका

उन्हाळा लागला की काउंटरवर रोज तोच प्रश्न येतो: "पीसी तापतोय, थर्मल पेस्ट बदलू का?" (हीटसिंक म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला, त्याची उष्णता खेचून घेणारा धातूचा ठोकळा. थर्मल पेस्ट म्हणजे त्या दोघांच्या मध्ये उष्णता नीट पोचावी म्हणून लावतात ते मलम.) मागोमाग दुसरी मंडळी येतात. त्यांनी पेस्ट घरीच बदलायला घेतलेली असते आणि आता पिना वाकलेला प्रोसेसर रुमालात गुंडाळून आणलेला असतो. हे पत्रक दोघांसाठी आहे, पण जास्त करून दुसऱ्यांसाठी.

आधी तापण्याचं बघू. आपल्या अकोल्यात मे महिन्यात पारा 44 च्या वर जातो. हीटसिंक खोलीतल्या हवेनेच थंड होतो, त्यामुळे खोली 15 अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर चढतो. डिसेंबरात 65 दाखवणारा आता 80 दाखवत असेल, तर त्यात पेस्टचा दोष नाही. बहुतेक प्रोसेसर 90 ते 100 अंशांच्या दरम्यान स्वतःच वेग कमी करतात. तिथवर जात असेल तर मात्र उघडून बघा. तेव्हाही आधी धूळ काढा. पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारा. बरेचदा काम तिथेच संपतं, पेस्टला हात लावावा लागत नाही.

तरी बदलायचीच असेल, तर तुमचं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, कोणतं ते माहीत करून घ्या. एएमडी कंपनीचे रायझन 1000 ते 5000 मालिकेचे डेस्कटॉप प्रोसेसर एएम4 सॉकेटात बसतात. त्यांच्या 1331 पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात आणि सॉकेटची दांडी त्या पिना फक्त बाजूने आवळून धरते. वरून दाबून ठेवणारी लोखंडी चौकट नसते. थंड पेस्ट घट्ट होऊन प्रोसेसरला हीटसिंकशी चिकटवून टाकते. अशा वेळी सरळ वर ओढलं की दांडी लॉक असतानाही प्रोसेसर उपटून हातात येतो. इंटेलच्या आताच्या सॉकेटांत आणि एएमडीच्या एएम4 नंतरच्या एएम5 मध्ये चौकट असते, तिथे ही भीती जवळजवळ नाही.

म्हणून एएम4 वर आधी दहा मिनिटं एखादा जड गेम चालवा. पेस्ट गरम होऊन मऊ पडते. मग शटडाउन करा, वायर काढा, स्क्रू किंवा क्लिप सोडवा आणि हीटसिंक डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवा. सैल झाल्याचं हाताला कळतं. त्यानंतरच उचला. मध्ये स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका.

"पेस्ट नीट पसरली का" हे बघायला बसवलेला हीटसिंक परत उचलायचीही सवय अनेकांना आहे. एकदा उचलला की आत हवा शिरते. तीच पेस्ट परत चालत नाही. दोन्ही बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवीन लावावी लागते. मध्यभागी मटाराच्या दाण्याएवढी पुरे, पसरवायचं काम हीटसिंकचा दाब करतो. लांबट इंटेल प्रोसेसरला थोडी जास्त. नव्या बॉक्समधल्या हीटसिंकला बहुधा पेस्ट आधीच लावलेली असते, तिच्यावर अजून थापू नका. वेगळा घेतलेला असेल तर खालची प्लास्टिकची फिल्म काढा. (हो, फिल्मसकट बसवलेलेही येतात.)

पेस्ट लावायचे पैसे घेतो म्हणून काही जण नाराज होतात. ट्यूबमधून निघते ती चिमूटभरच, हे खरं. पैसे आहेत ते गरम करून सोडवण्याचे, पुसण्याचे, आणि आधीचं-नंतरचं तापमान तुमच्यासमोर स्क्रीनवर दाखवण्याचे. स्वतः करायचं असेल तर एमएक्स-4 या पेस्टची ट्यूब आमच्याकडे मिळते. ती वीज वाहत नाही, थोडी बाहेर आली तरी बोर्डाला धोका नाही. लिक्विड मेटल (पेस्टऐवजी लावतात तो पातळ धातू) आम्ही लावून देत नाही, आग्रह करू नये. त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियम खातं आणि एक थेंब सांडला तरी शॉर्ट होतो.

वाकलेल्या पिना आम्ही सरळ करून बघतो, पण हमी देत नाही, आणि अशा नुकसानीला कंपनीची वॉरंटीही लागू होत नाही. घरी पक्कड लावून आणलेल्या पिना बहुतेक तुटतातच. मे महिन्यात दुकान दुपारी 1 ते 4 बंद असतं. येताना फक्त कॅबिनेट आणा, मॉनिटर नको. प्रोसेसर हीटसिंकला चिकटून निघालाच असेल, तर वेगळा करू नका. पिना वर ठेवून डब्यात तसाच घेऊन या.